थारला मोठे टायर आणि मीटर करेक्टर: एक उन्हाळा, एक पावसाळा वापरून

माझी थार जुनी, सीआरडीई म्हणजे कॉमन रेल डिझेल इंजिनवाली. कंपनीकडून तिला 235/70 आर16 टायर येतात. ते झिजले तेव्हा 245/75 आर16 ऑल-टेरेन, म्हणजे रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवरही चालणारे, घातले आणि त्याच आठवड्यात मीटरचा आकडा नव्या टायरप्रमाणे सुधारणारा छोटा डबा बसवून घेतला. दुकानदार त्याला करेक्टर म्हणतो. एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्याने काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

हिशेब सोपा आहे. जुन्या टायरचा व्यास सुमारे 735 मिलिमीटर, नव्याचा 774. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी आधी 2.31 मीटर सरकायची, आता 2.43 सरकते. मीटरला याचा पत्ताच नसतो. ट्रान्सफर केसवरच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवरच्या) सेन्सरकडून आलेले पल्स तो मोजतो आणि जुन्याच मापाने गुणतो. फरक 5.2 टक्क्यांचा.

इथवर सगळे सांगतात. पुढचं सहसा कोणी सांगत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. स्पीडोमीटरचा काटा कंपनीतूनच थोडा चढा ठेवलेला असतो. युरोपात चालणाऱ्या यूएन आर39 नियमात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवलेलं अजिबात चालत नाही. जास्त मात्र दहा टक्के अधिक 4 किमी इतकं चालतं. म्हणजे खरा वेग 100 असताना काटा 114 वर असला तरी गाडी पास. माझ्या थारचा काटा जुन्या टायरवर 100 दाखवायचा तेव्हा जीपीएसवर 95 असायचे. ओडोमीटर, म्हणजे एकूण किलोमीटर मोजणारा आकडा, मात्र किलोमीटरच्या दगडांशी जवळपास तंतोतंत जुळायचा. मोठे टायर घातल्यावर काटा आणि जीपीएस एकदम जुळले, आणि ओडोमीटर मागे पडायला लागला. आमच्या ग्रुपमधले बरेच जण इथेच खूश होतात. ‘बघ, आता मीटर बरोबर झालं!’ काटा बरोबर झाला हो, पण ओडोमीटर किलोमीटर खायला लागला त्याचं काय?

करेक्टर एकच टक्केवारी घेतो आणि ती काट्याला नि ओडोमीटरला सारखीच लावतो. दोन्ही एकदम खरे करता येत नाहीत, तेव्हा कोणता खरा ठेवायचा ते आधी ठरवा. मी ओडोमीटर धरला. वेग बघायला मोबाईल पुरतो. ऑइल बदलणं, टायर फिरवणं, ॲव्हरेज काढणं आणि उद्या गाडी विकणं, हे सगळं ओडोमीटरवर चालतं. आता जीपीएसवर 100 असताना काटा 105 दाखवतो. एक्सप्रेसवेवर कॅमेऱ्यांची रांग लागल्यापासून मला तर ते बरंच वाटतं.

टक्केवारी कागदावरून घेऊ नका. टायरवर छापलेल्या मापात आणि गाडीच्या वजनाखाली फिरणाऱ्या टायरमध्ये फरक असतो, आणि एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायरही सारखे निघत नाहीत. मी संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर चढलो, टायर थंड असताना हवा बघून घेतली होती, आणि एका किलोमीटरच्या पाटीपासून पुढची 100 किमी मोजली. ओडोमीटर 95.3 म्हणाला. शंभर भागिले 95.3, म्हणजे वाढ 4.9 टक्क्यांची, 5.2 ची नाही. डब्यावर दशांशापर्यंत आकडा घालता येतो, तिथे 4.9 टाकला आणि परतीच्या वाटेवर ओडोमीटर पाट्यांशी जुळला. पाट्यांऐवजी मोबाईलच्या जीपीएसवर माप घेणार असाल तर घाटात घेऊ नका. मोबाईल ठरावीक वेळाने जागा टिपतो आणि वळणं सरळ धरतो, त्यामुळे त्याचं अंतर कमी भरतं.

बसवायचं काम अर्ध्या तासाचं: एक प्लस, एक अर्थिंगची वायर (अर्थ), आणि सिग्नलची वायर मधे तोडून एक टोक आत, एक बाहेर. डबा मीटरच्या मागे, डॅशबोर्डच्या आत बसवायला सांगा. गाडीखाली सेन्सरपाशी वायर हाताशी येते म्हणून इलेक्ट्रिशियन तिथेच लावू बघतो, पण ओढ्यातून गाडी घालणाऱ्याने ते ऐकू नये. माझ्याकडे इलेक्ट्रिशियनने अर्थ रंगवलेल्या बोल्टखाली दाबला होता. टोलनाक्याआधीच्या रम्बलरवर गाडी आली की काटा धपकन शून्यावर पडायचा आणि पुन्हा उसळायचा. डबाच खराब म्हणून दुकानदार बदलून द्यायला निघाला होता. दुसऱ्या एका जुन्या कारागिराने बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पांढरा पत्रा उघडा केला, वायरला रिंग लावून आवळली, सिग्नलच्या जोडाला सोल्डरचा डाग देऊन वर स्लीव्ह चढवली. त्यानंतर काटा एकदाही पडला नाही, पावसाळ्यातसुद्धा. फोर-लोमध्येही (चढ-चिखलासाठीच्या हळू गिअरमध्ये) वेग बरोबर येतो, कारण सेन्सर ट्रान्सफर केसच्या आउटपुटच्या, म्हणजे चाकांकडच्या, बाजूला आहे.

ॲव्हरेजचा गैरसमजही मिटला. मोठ्या टायरवर टाकी टू टाकी लिटरला 11 किमीच्या आसपास आलं तेव्हा मी टायरला शिव्या घातल्या होत्या. त्यातला जवळपास अर्धा किलोमीटर नुसता मोजणीतला निघाला. उरलेली घट खरी आहे. टायर जड आहेत आणि पिकअपलाही ते जाणवतं, त्यावर डब्याकडे इलाज नाही.

डबा बसवला त्या दिवशीचं रीडिंग बिलावर लिहून घेतलंय आणि बिल सर्व्हिस बुकात लावलंय. ओडोमीटरला हात लावला म्हटलं की घेणारा आधी संशयच घेतो. टायरच्या मापाचं विमा कंपनीला आधी विचारलेलं बरं, ते वेगळं प्रकरण आहे.

आणखी एक, 4.9 हा आकडा कायमचा नाही. या टायरची नक्षी आठ-नऊ मिलिमीटर झिजली की व्यास सोळा ते अठरा मिलिमीटरने कमी होणार, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त फरक. टायर अर्धे झिजले की पुन्हा समृद्धीवर जाऊन माप घ्यायचं ठरवलंय.

पैशाच्या बाबतीत तक्रार नाही. डबा आणि मजुरी मिळून एका टायरच्या निम्म्यातही बसलं. पण 2020 नंतरची थार किंवा जिम्नी असेल तर हा डबा घेऊ नका. तिथे वेग चाकांवरच्या एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरकडून येतो आणि कॅन लाइनवरून, म्हणजे गाडीतल्या सगळ्या कंट्रोलरच्या सामायिक वायरींवरून, फिरतो. मधे तोडायला अशी एकटी वायर मिळत नाही. मीटरसाठी एबीएसच्या वायरीला कोणी हात घालतो म्हणाला, तर गाडी तिथून सरळ घरी न्या.