प्रबंधासाठी आसियान की इकोवास?

एम.ए.च्या प्रबंधाला प्रादेशिक संघटना आणि सशस्त्र संघर्ष हा विषय घेतला, की गाडी बहुधा या दोन नावांवर येऊन थांबते: आग्नेय आशियाई देशांची आसियान आणि पश्चिम आफ्रिकी देशांची इकोवास. परवा दांडिया बाजारात शेजारची मुलगी हेच विचारायला आली होती. तिला जे सांगितलं तेच लिहितो. सदस्य किती, प्रादेशिक संघटनांनी शांततेसाठी काय करावं याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं आठवं प्रकरण काय म्हणतं, हे तुम्हाला ठाऊक असणारच.

मी स्वतः आसियानपासून सुरुवात केली होती. म्यानमार आपल्या शेजारचा देश, कागदपत्रं इंग्रजीत, आणि तिथल्या लष्करी बंडानंतर आसियानने केलेली एप्रिल २०२१ची जाकार्तातली पाच कलमी सहमती तर एका पानात मावते.

घोडं अडलं ते दूतापाशी. आसियानचं अध्यक्षपद दरवर्षी फिरतं, त्याबरोबर म्यानमारसाठीचा विशेष दूतही बदलतो. मी वहीत रकाने आखले होते: २०२१ ब्रुनेई, २०२२ कंबोडिया, २०२३ इंडोनेशिया. जानेवारी २०२४मध्ये लाओसचा दूत आला आणि जादा कागद चिकटवून चौथा रकाना काढावा लागला. खाली मजकूर मात्र तोच: भेट, चर्चा, चिंता. आमच्या गणेश मंडळात दरवर्षी नवा अध्यक्ष येतो आणि मांडववाल्याची जुनी बाकी त्याला पहिल्यापासून समजावून सांगावी लागते, तसं ते वाटायला लागलं. मार्गदर्शक विचारायचे, ‘‘बरं, मग पुढे काय झालं?’’ मी गप्प.

त्याच जानेवारी २०२४मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी इकोवास सोडत असल्याचं जाहीर केलं. इथे ‘पुढे काय झालं’ हे विचारावंच लागत नाही. १९९०मध्ये इकोवासच्या फौजा सुरक्षा परिषदेच्या परवानगीची वाट न बघता लायबेरियात उतरल्या. जानेवारी २०१७मध्ये गांबियात निवडणूक हरूनही खुर्ची न सोडणाऱ्या राष्ट्राध्यक्ष जामेहांना सैन्य सीमेवर आणून काही दिवसांत देशाबाहेर जायला लावलं. नायजरमध्ये, जुलै २०२३च्या बंडानंतर, आठवड्याची मुदत देऊन सैन्य घुसवायची धमकी दिली, ती काही खरी करता आली नाही आणि तीन सभासद गेले. फजितीच, पण तिच्यावर अख्खं प्रकरण लिहून होतं. बाहेरच्या बड्या देशांची ओढाताणही साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या या पट्ट्यात, उघडी दिसते: फ्रेंच सैनिक बाहेर, रशियन आत.

अडचणी आहेत. बरंच साहित्य फ्रेंचमध्ये आहे आणि माझं फ्रेंच ‘मेर्सी’च्या पुढे जात नाही. नायजेरियाचा वरचष्मा इतका, की संघटना कुठे संपते आणि अबुजा, म्हणजे नायजेरियाचं सरकार, कुठे सुरू होतं हे कळत नाही.

आसियानला अगदीच मोडीत काढू नये. जुलै २०२५मध्ये थायलंड-कंबोडियाची लढाई थांबवणारी बैठक अध्यक्ष मलेशियानेच पुत्रजायात घेतली. अर्थात लढाई थांबवा नाहीतर व्यापारकरार नाही, अशी भीती घालणारे फोन अमेरिकेच्या ट्रम्प यांनी केले होते, आणि डिसेंबरात तोफा पुन्हा धडाडल्या. जागतिकीकरणाच्या अंगाने लिहायचं असेल तर हे प्रकरण मला वाटतं चांगलं साधेल. म्यानमारवर लिहिणाऱ्याने मात्र जरा विचार करावा.

मुलगी सेव-उसळ खाऊन, माझी वही घेऊन गेली. आसियान घेतलंस तर मलेशिया आणि फिलिपिन्सचे रकाने तूच आख, एवढं सांगितलंय.