आधी जॉन हर्ट की आधी जॉन फेही?

गिटारवर बेसिक कॉर्ड येतात, आता फिंगरस्टाइल, म्हणजे पिकऐवजी बोटांनी वाजवणं, करायचंय, तर जुना अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्टची गाणी धरायची की गिटारवादक जॉन फेहीच्या नुसत्या वाजवायच्या रचना? मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो. अंगठा दोन्हीकडे तोच, बेसच्या तारांवर आलटून पालटून पडणारा, आणि चाल वर बोटांनी. फेही तर अमेरिकेच्या दक्षिणेत दारोदार फिरून जुन्या ७८ आरपीएमच्या ग्रामोफोन तबकड्या गोळा करणारा माणूस, १९५९ मध्ये ताकोमा नावाचं स्वतःचं रेकॉर्ड लेबल काढून त्याने तेच ब्लूजचं वाजवणं गाण्याशिवाय लांबवलं.

नवशिक्याला फेही पटकन खुश करतो हे मान्य. ओपन सी ला, म्हणजे तारा मोकळ्या छेडल्या तरी सी कॉर्ड वाजेल अशी, गिटार लावली की डाव्या हाताने फारसं काही न करताही खोली भरते. पण ते लावणंच मला नडलं. सहापैकी चार तारा हलवायच्या, त्यात सर्वात जाड तार ई वरून पार सी पर्यंत उतरवायची, मग ती इतकी ढिली होते की जरा जोरात वाजवली की खडखडते आणि बोट जरा दाबलं गेलं की सूर वर सरकतो, बी ची तार उलट अर्धा सूर चढवायची, आणि एवढं करून तासभर वाजवल्यावर कोणी म्हणालं की साधं काहीतरी वाजव ना, की परत सगळं उलटं, आणि परत लावलेल्या तारा काही लगेच जागेवर बसत नाहीत! मी वाजवण्याऐवजी खुंट्याच पिळत असायचो.

हर्टचं बरंचसं नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये, सी, जी असल्या ओळखीच्या पोझिशनला. अंगठा सुटा व्हायला मात्र वेळ लागतो, चालीचे सूर ठेक्याच्या मधे पडतात तिथे सुरुवातीला हमखास घोळ होतो. पण त्याची १९२८ ची रेकॉर्डिंग्ज आहेत आणि १९६३ मध्ये विस्मृतीत गेलेला तो मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन गावात परत सापडला त्यानंतरचीही आहेत. नंतरची मला जरा निवांत वाटतात, त्यांच्यासोबत वाजवत बसता येतं.

आता ज्याला गायचंच नाही, किंवा घरात दुसरी गिटार पडून आहे, त्याचं गणित वेगळं असू शकतं, ती एक कायमची ओपन सी ला लावून ठेवायची. एकच गिटार असेल तर, माझ्या मते तरी, आधी हर्ट.