चित्र झक्कास, आवाज झक्कास, पण कुठवर बघितलं ते आठवेल तर शपथ! (ब्लू-रे प्लेअर, बऱ्याच महिन्यांनंतर)

ट्रे उघडेना झाला म्हणून हे लिहायला बसलोय, नाहीतर एवढं टाइप करायचा मला जाम कंटाळा. प्लेअर साधा ब्लू-रे आहे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या एचडी डिस्क लावणारा, ४के वाला नाही, आणि वॉरंटी नुकतीच संपलेली, हे वेगळं सांगायला नकोच. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे आख्खा लोडर (ट्रे आत-बाहेर करणारा भाग) बदलावा लागेल, आणि आकडा असा सांगितला की थोडे अजून टाकले तर नवीनच येईल. मी मशीन पिशवीत घातलं आणि पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सवाली तपकीर गल्ली गाठली. तिथल्या काकांनी चार स्क्रू काढले, ट्रेच्या पुलीवरचा काळा रबरी बेल्ट नखाने उचलून दाखवला, सैल पडून चकचकीत झालेला, मोटर बिचारी फिरतेय पण बेल्ट जागच्या जागी घसरतोय. बेल्ट बदलला, ट्रे खटकन बाहेर. दोन माणसांच्या मिसळीएवढा खर्च. त्यामुळे कोणी लोडर बदला म्हटलं तर आधी बेल्ट बघा.

असो. चित्राबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. साध्या ब्लू-रेला व्हिडिओसाठी ४० एमबीपीएसपर्यंत (म्हणजे सेकंदाला ४० मेगाबिट डेटा) जागा आहे, अंधारातले सीन स्ट्रीमिंगवर जसे चौकोन चौकोन होऊन फुटतात तसे इथे फुटत नाहीत, विषय संपला.

माझं डोकं फिरवलंय ते रिझ्यूमने, म्हणजे सोडलं तिथूनच पुढे सुरू होण्याने. आमच्याकडे तीन तासांचा हिंदी पिक्चर एका बैठकीत कधीच होत नाही, जेवणं झाली की लावायचा, अकराला बायको म्हणणार उरलेला उद्या. आमचा जुना चायनीज डीव्हीडी प्लेअर, ज्याच्यावर कंपनीचं नावही धड नव्हतं, तो डिस्क काढून परत घातली तरी बरोबर तिथूनच सुरू करायचा. आणि हा महागाचा शहाणा दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, लोगो, कॉपीराइटची धमकी, मग दुसऱ्या भाषेत तीच धमकी, स्किप दाबलं की कोपऱ्यात ते नकाराचं चिन्ह. अरे बाबा मी विकत घेतलीये डिस्क, मला कशाला दम देतोस? शेवटी मी दूधवाल्याच्या बिलामागे चॅप्टर नंबर लिहून ठेवायला लागलो. त्यात रिमोटवर आकड्यांची बटणंच नाहीत, म्हणजे वेळ टाकून उडी मारायची सोय पण बोंबलली.

मग थोडं खणल्यावर मत बदललं. निम्मा गुन्हा प्लेअरचा नाहीच, डिस्कचा आहे. बऱ्याच ब्लू-रेच्या मेनूमागे जावाचा प्रोग्रॅम चालतो, बीडी-जे म्हणतात त्याला, डिस्क घातली की तो आपला पहिल्यापासून सुरू होतो आणि प्लेअरला आपली जागा आठवत असली तरी काही करता येत नाही. काही डिस्क स्वतःच विचारतात की मागच्या ठिकाणाहून लावू का, त्यांचं भलं होवो. साध्या मेनूच्या डिस्क याच मशीनवर नीट रिझ्यूम होतात. आणि उरलेला निम्मा गुन्हा एचडीएमआय सीईसीचा निघाला, म्हणजे एचडीएमआय वायरीतून टीव्ही आणि प्लेअर एकमेकांना चालू-बंद करतात ती सोय. बायको मधेच टीव्ही बंद करायची की टीव्ही प्लेअरलाही झोपवायचा, नुसता पॉज असलेला पिक्चर पण गेला. सेटिंगमधे जाऊन ते बंद केलं, आता पॉजवर ठेवून निदान जेवून तरी येता येतं. फार वेळ ठेवला तर आपोआप बंद होतोच, त्यावर अजून इलाज नाही सापडला.

भाच्याकडे पीएस५ (सोनीचा गेमिंग कन्सोल) आहे म्हणून तोही लावून बघितला. डिस्क पटकन उचलतो, ४के डिस्कही लावतो (पीएस४ प्रो ला तेही जमत नाही बरं का, नावाला प्रो), पण डॉल्बी व्हिजन (रंग-उजेड जास्त खुलवणारा एचडीआरचा प्रकार) नाही आणि सीडी तर वाचतच नाही, म्हणजे आईच्या नाटकांच्या व्हीसीडी बाद. मोझर बेअर कंपनी २८ रुपयांत पिक्चर विकायची त्या जमान्यातल्या व्हीसीडी पण त्याच खोक्यात आहेत, टाकवत नाहीत. माझा प्लेअर त्या लावतो, मोठ्या टीव्हीवर चेहरे पुसल्यासारखे दिसतात पण आईला आवाज ऐकायचा असतो. इथे प्लेअरला पैकीच्या पैकी.

एक अजून, न्यू जर्सीहून चुलतभावाने आणलेली डिस्क चालली नाही. ब्लू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे रिजन पाडलेत, एका रिजनची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर अडू शकते; आपण रिजन सी, ती ए. ४के डिस्कना हा रिजनचा जाच नाही, त्यामुळे परदेशातून कोणी आणणार असेल तर ४केच सांगा, अर्थात मशीन तसं असेल तर.

माझं मशीन ४केचं नाहीये आणि तूर्त तसं घेणारही नाही. ओप्पोने २०१८ ला ब्लू-रे प्लेअरचा धंदा बंद केला, पुढच्या वर्षी सॅमसंगनेही अमेरिकेत प्लेअरचं नवीन मॉडेल आणणं थांबवलं, उद्या लेन्स गेली तर पार्ट कुठून आणायचा? त्यापेक्षा जुन्या बाजारात याच मॉडेलचा बंद पडलेला पीस मिळाला तर स्पेअरसाठी घेऊन ठेवायचा विचार आहे, आणि जमलंच तर आकडेवाला रिमोटही. काकांना सांगून ठेवलंय.