एकपाखी की दुपाखी? कांदाचाळ बांधण्याआधीचा हिशोब

कांदाचाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. उन्हाळ कांदा चाळीत जातो एप्रिल-मेच्या उन्हात आणि निघतो जुलैपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे बराचसा भर पावसात. चाळीचा प्रकार ठरवताना हे दोन्ही मोसम डोळ्यांसमोर हवेत. बहुतेक जण फक्त फॅब्रिकेटरचा दर विचारतात आणि तिथेच हिशोब चुकतो.

पाखी म्हणजे कांदा भरायची ओळ. तिचे माप दोन्ही प्रकारांत सारखेच असते: रुंदी ४ फूट, कांद्याचा थर फार तर ५ फूट, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर आणि लांबी साधारण ४० फूट. एक घनमीटर जागेत ५५० ते ६०० किलो कांदा बसतो. त्यावरून अशा एका पाखीत १२-१३ टन, म्हणजे साधारण एकरभराचा माल मावतो. दुपाखीत अशा दोन पाख्या समोरासमोर असतात आणि मध्ये ५ फुटांचा रस्ता. २५ टनांची चाळ म्हणतात ती हीच.

आता खर्च. ‘एकाच छपराखाली दोन पाख्या, म्हणजे दुपाखी स्वस्त’ असे सगळीकडे ऐकू येते. मोजून बघा. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पत्रा दोन्ही अंगांनी ३-३ फूट बाहेर काढावाच लागतो. म्हणजे एकपाखीचे छप्पर १० फूट रुंद, ४० फूट लांबीला ४०० चौरस फूट. दुपाखीचे १९ फूट रुंद, म्हणजे ७६० चौरस फूट. दोन सुट्या एकपाख्या बांधल्या तर पत्रा ८०० चौरस फूट लागेल. वाचला किती? ४० चौरस फूट! बांबू, जाळी, तळाच्या पट्ट्या तेवढ्याच लागतात आणि रुंद छपराला कैच्या (पत्रा पेलणारे त्रिकोणी सांगाडे) जाड घ्याव्या लागतात, त्यात ही बचतही जाते. दुपाखीत पैसे मोजायचे ते मधल्या रस्त्यासाठी.

तो रस्ता मात्र लाखमोलाचा. बाहेर पाऊस चालू असताना आत बसून प्रतवारी करता येते, सडका काढता येतो, गोण्या भरून ठेवता येतात. एकपाखीत बाहेरून फळ्या काढून माल उपसावा लागतो. भाव वर गेला आणि त्याच दिवशी पाऊस लागला, तर गाडी दारात उभी राहते आणि कांदा आत.

हवेच्या बाबतीत एकपाखी सरस. तिची लांबी दक्षिणोत्तर ठेवतात. पश्चिमेचा वारा लांब बाजूवर येतो आणि चार फूट कांद्यातून आरपार जातो. दुपाखी पूर्व-पश्चिम बांधायची, म्हणजे वारा रस्त्यात शिरतो आणि दोन्ही पाख्यांच्या आतल्या अंगाला लागतो. तीच दुपाखी दक्षिणोत्तर उभी केली की पश्चिमेची पाखी वाराही खाते आणि पाऊसही, पूर्वेची कोंदट राहते. मग तिथूनच काजळी (काळी बुरशी) आणि सड सुरू होते.

रस्त्याच्या दोन्ही टोकांना पत्र्याचे दार लावू नका, जाळीचे लावा. आणि रस्ता रिकामा ठेवा. पाखीत न मावलेला कांदा, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या तिथे येऊन पडल्या की चाळ बंद खोली झाली म्हणायची. दुपाखीत माल खराब होण्याचे हे कारण फार नेहमीचे आहे.

एकपाखीचा त्रास वेगळा. अंग अरुंद आणि छप्पर दोन्हीकडे बाहेर आलेले, त्यामुळे वळवाच्या वाऱ्यात उचलले जाते. खांब किमान दोन फूट काँक्रीटमध्ये हवेत आणि पत्र्याला जे-हूक नीट आवळलेले. पश्चिमेच्या बाजूला पावसाळ्यात पडदा लागतो, पण तो गुंडाळता येणारा. पाऊस थांबला की लगेच वर. दिवसचे दिवस खाली राहिलेल्या पडद्यामागे दमट हवा कोंडते. कांद्याला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते, त्याच्या वर बुरशी धरते.

काही गोष्टी दोन्हींना लागू. तळाच्या पट्ट्यांत दीड इंचाची फट ठेवा. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, आधीच वेगळी काढा, नाहीतर ती नेमकी त्या फटींत अडकते आणि खालून येणारी हवा बंद होते. जोडकांदे आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) तर भरूच नका. ५ फुटांच्या वर भरले की खालचा कांदा दबतो आणि बाजूची जाळी फुगते. म्हणून दर ५ फुटांवर खांब आणि आडवा ताण. छपराला कौले किंवा सिमेंटचा पत्रा चांगला. लोखंडी पत्राच असेल तर त्यावर उसाचे पाचट पसरा, नाहीतर उन्हाळ्यात वरचा थर शिजल्यासारखा होतो. खरिपाच्या लाल कांद्यासाठी चाळीचा विचारच नको, तो टिकणारा नाही.

अनुदान घ्यायचे असेल तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती मिळाल्यावरच खड्डे खणा. मापेही मंजूर आराखड्याचीच हवीत, कारण मोका (जागेवरच्या) तपासणीत टेप लावतात.

एकरभर कांदा असेल आणि तो एक-दोन खेपांत विकायचा असेल, तर एकपाखी पुरते. दोन एकरांच्या वर कांदा आणि थोडा थोडा करून विक्री, तर दुपाखी. अडचण येते ती जागा फक्त दक्षिणोत्तर लांब असते तेव्हा. अशा जागेत दुपाखी कोंबू नका. दोन एकपाख्या एकीच्या पुढे एक अशा एकाच रेषेत बांधा आणि मध्ये ट्रॉली वळेल एवढी मोकळी जागा सोडा. शेजारी-शेजारी बांधल्या तर पुढची मागचीचा वारा अडवते.