दुसरी बॅटरी की दुसरा अल्टरनेटर?

विमानाच्या इंजिनावर एक मॅग्नेटो (बाहेरच्या विजेशिवाय स्वतःच ठिणगी देणारं यंत्र) ठेवून फक्त दुसऱ्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल, तर हा प्रश्न तुमचा नाही. पी-मॅग नावाचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेतलं असेल तरी निम्मी काळजी मिटते, कारण इंजिनाचे फेरे पुरेसे असले की ते आपली वीज आपणच तयार करतं. प्रश्न आहे तो लायकमिंग इंजिनावरचे दोन्ही मॅग्नेटो उतरवून दोन्ही इग्निशन विमानाच्या विजेवर टाकणाऱ्यांचा. उड्डाणात वीज बनवणारा अल्टरनेटर गेला तर ठिणगीला वीज कुठून?

मी अमेरिकेत, मिडवेस्टमध्ये आरव्ही-७ हे घरी बांधायचं छोटं विमान बांधलं. इथल्या हँगरांमध्ये यावर सरळ दोन तट आहेत. एक तट म्हणतो, दुसरी बॅटरी टाका. दुसरा म्हणतो, व्हॅक्यूम पंपाची जागा रिकामीच पडलीय, तिथे बी अँड सी कंपनीचा एसडी-८ हा ८ अँपियरचा छोटा राखीव अल्टरनेटर बसवा. दोन्हींच्या जोडण्या विमानांच्या वायरिंगचे जाणकार बॉब नकल्स यांच्या आराखड्यांत मिळतात. मी दोन्ही वापरून पाहिल्यात, आधी बॅटरी, मग एसडी-८.

कागदावर बॅटरी सरस वाटते, आणि ते खोटं नाही. दोन्ही इग्निशन, एक स्क्रीन आणि थोडा रेडिओ मिळून माझ्याकडे चारेक अँपियर लागतात. १६ अँपियर-तासांची नवी पीसी-६८० बॅटरी तेवढं तीन तास सहज पुरवेल. शिवाय स्टार्टर मारताना मुख्य बॅटरीचा व्होल्टेज धाडकन पडतो, तेव्हा वेगळ्या बॅटरीवरचं इग्निशन शांतपणे चालत राहतं. वजन मात्र सात किलो. एसडी-८ रेग्युलेटर वगैरे धरून दोनेक किलोत बसतो.

पण माझा निर्णय वजनावर झाला नाही. राखीव बॅटरीची तब्येत कळतच नाही, हे मला छळत राहिलं. स्थिर अवस्थेत ती १२.८ व्होल्ट दाखवते आणि क्षमता निम्मीच उरलेली असू शकते. खरं कळायला तिच्यावर ठरावीक लोड टाकायचा, घड्याळ लावायचं आणि ती ११ व्होल्टपर्यंत किती वेळात उतरते ते पाहायचं. दर वर्षी. माझी बॅटरी सामानाच्या कप्प्यामागच्या पत्र्याआड होती. म्हणजे आधी स्क्रू, मग जानेवारीच्या थंडीत त्या कप्प्यात डोकं घालून आडवं पडायचं आणि सात किलोचा ठोकळा हातभर लांबून ओढून काढायचा. कितीही शिस्तीचा माणूस असो, ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतोच. आणि वर्षभर न तपासलेली राखीव बॅटरी म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा.

एसडी-८ ची परीक्षा रोजच्या रन-अपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत होते. मुख्य अल्टरनेटर बंद, हा चालू, अँपमीटर हलला की झालं. उरलेली एकच बॅटरी दर वेळी स्टार्टर फिरवते, त्यामुळे थकू लागली की कुरकुरते. ते काही क्षमतेचं मोजमाप नव्हे, वार्षिक तपासणी तिचीही करायचीच. पण ही निदान बोलते तरी.

एसडी-८ च्याही खोडी आहेत. लायकमिंगचा व्हॅक्यूम पॅड, म्हणजे व्हॅक्यूम पंपाची ती जागा, क्रँकच्या १.३ पट फिरतो, त्यामुळे क्रूझला एसडी-८ हिशेबात बसतो, पण टॅक्सी करताना किंवा उतरताना इंजिन आयडलवर आलं की जवळपास काहीच देत नाही. तेवढी मिनिटं बॅटरी सांभाळते. कपॅसिटरमध्ये कंजूषी केली तर हेडसेटमध्ये गुणगुण येते. आणि ओव्हरव्होल्टेज संरक्षण दोन्ही अल्टरनेटरना हवंच, नाहीतर एक बिघडलेला रेग्युलेटर दोन्ही इग्निशन एकदम जाळू शकतो.

जोडणी कुठलीही असो, इग्निशनची वीज मास्टर कॉन्टॅक्टरच्या (मास्टर स्विचने बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेच्या) आधी, थेट बॅटरीवरून घ्या. प्रत्येक इग्निशनला स्वतंत्र फ्यूज, स्वतंत्र स्विच. कॉकपिटमध्ये धुराचा वास आला की मास्टर बंद करायचा असतो आणि त्या क्षणी इंजिन चालू राहायला हवं. एसडी-८ ची वायरही कॉन्टॅक्टरच्या बॅटरीकडच्या बाजूलाच न्या.

माझ्यापुरतं उत्तर एसडी-८. पण तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन आणि विजेवरचा इंधनपंप असेल तर ८ अँपियरमध्ये भागणं कठीण. तिथे दुसरी बॅटरी किंवा मोठा स्टँडबाय अल्टरनेटर बघावा लागेल. बॅटरीच घ्यायची झाली तर दोन्ही एकाच मापाच्या घ्या. दर वर्षी नवी मुख्य जागी लावा, तिथली जुनी राखीव जागी सरकवा आणि राखीवमधली काढून टाका. थोडा खर्च वाढतो, पण लोड टाकून बसण्याची कटकट बरीचशी जाते. लिथियम घेणार असाल तर तिचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) कुठल्या व्होल्टेजला जोडणी तोडतो ते आधी वाचा.