विक्री-सॉफ्टवेअरचे ‘मालाची यादी’ टूल एआय एजंटसोबत : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना बेअरिंग, ऑइल सील आणि व्ही-बेल्ट पुरवण्याचा आमचा व्यवसाय आहे. चौकशा, कोटेशने आणि मालाची यादी आम्ही ज्या विक्री-सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो, त्याच्या कंपनीने एआय एजंटसाठी, म्हणजे सांगितलेले काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी, एमसीपी सर्व्हर (एजंटला त्या सॉफ्टवेअरशी जोडणारा दुवा) उपलब्ध करून दिल्यावर, आलेल्या चौकशीतून मालाचा नेमका कोड शोधून कोटेशनचा मसुदा तयार करण्याचे काम आम्ही एजंटकडे सोपवले. या सर्व्हरमधून एजंटला जी ठरावीक कामे करून घेता येतात त्यांना टूल म्हणतात; आमच्या कामात सर्वाधिक वापरले जाते ते मालाची यादी देणारे टूल. हा अभिप्राय मुख्यतः त्याच्या डॉक्युमेंटेशनविषयी आहे.

एमसीपी हा प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. त्यात एजंटला प्रत्येक टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची हे सांगणारा जेसन स्कीमा मिळतो, आणि टूल कसे वापरायचे हे एजंट त्यावरूनच ठरवतो. कंपनीच्या वेबसाइटवर प्रोग्रामरसाठी सविस्तर पाने आहेत, पण ती उघडून पाहायला आमचा एजंट जात नाही. त्याच्या हाती आलेले वर्णन एका ओळीचे होते : ‘खात्यातील मालाची यादी मिळवते.’

याचा परिणाम ६२०५ या बेअरिंगच्या बाबतीत स्पष्ट दिसला. २५ मिमी बोअर (आतला व्यास), ५२ मिमी बाहेरचा व्यास आणि १५ मिमी रुंदीचे हे बेअरिंग आमच्या यादीत साधे, झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे शील्ड असलेले, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबर सील असलेले, आणि आतली ढिलाई नेहमीपेक्षा अधिक असलेले सी३, अशा अनेक रूपांत आणि वेगवेगळ्या ब्रँडमध्ये आहे. ‘६२०५ रबर सीलवाले, २० नग’ अशी चौकशी आल्यावर एजंटने ते शब्द जसेच्या तसे शोधात टाकले, उत्तरात रिकामी यादी आली, आणि माल उपलब्ध नसल्याचा मसुदा तयार झाला, तोही माल रॅकवर असताना. मसुदा पाठवण्यापूर्वी काउंटरवरचा माणूस तपासतो म्हणून तो ग्राहकापर्यंत गेला नाही. शोध मालाच्या नावाच्या सुरुवातीपासूनच जुळवला जातो आणि कोड पूर्ण जुळला तरच सापडतो, हे आम्हाला प्रयोग करून कळले. वर्णनात त्याचा उल्लेख नव्हता. रिकामी यादी म्हणजे ‘माल नाही’ नव्हे, ‘या शब्दांनी सापडला नाही’, एवढे एक वाक्य तिथे असते तरी निभावले असते.

पानांचा घोळही याच जातीचा आहे. टूल एका वेळी यादीचा एक भागच देते आणि सोबत कर्सर, म्हणजे पुढचा भाग मागताना द्यायची खूण, देते. टूलने दिलेल्या यादीची पाने कशी पाडायची हे सर्व्हर बनवणाऱ्यावर असते, त्यामुळे ते त्यानेच लिहायला हवे. ते लिहिलेले नसल्याने ‘आपल्याकडे कोणकोणते ऑइल सील आहेत’ या प्रश्नाला एजंट पहिल्या पानावरचा माल ही पूर्ण यादी समजून निःशंकपणे उत्तर देत असे. बंद केलेला मालही यादीत येतो, पण त्याला वेगळी खूण असते, त्यामुळे त्याचा फारसा त्रास झाला नाही.

चांगल्या बाजू आहेतच. टूल केवळ वाचणारे आहे, काही बदलणारे नाही, ही सूचना त्यात नीट दिलेली आहे. चुकीचा पॅरामीटर (टूलला द्यायच्या माहितीचा रकाना) दिला तर कोणते पॅरामीटर चालतात हे त्रुटीच्या संदेशातच येते आणि एजंट दुसऱ्या प्रयत्नात स्वतःला सुधारून घेतो. माझ्या मते या टूलचे सर्वांत चांगले डॉक्युमेंटेशन त्याच्या त्रुटीसंदेशांतच आहे.

कंपनीचे वर्णन आपल्याला बदलता येत नाही, म्हणून शोधाची रीत, कर्सर आणि रिकाम्या यादीचा अर्थ आम्ही एजंटला दिलेल्या कायमच्या सूचनांत लिहिला आणि मसुदे लगेच सुधारले. मात्र नंतरच्या एका अपडेटमध्ये कोडचा काही भाग देऊनही शोध चालू लागला, त्याची कल्पना कोणी दिली नाही, आणि आमची सूचना कालबाह्य झाली. नव्या आवृत्तीत वर्णन चार-पाच वाक्यांचे झाले असून एक उदाहरणही आहे. एवढी लांबी मला योग्य वाटते, कारण हा मजकूर प्रत्येक संवादात एजंटसमोर जातो आणि वेबसाइटचे अख्खे पान त्यात ओतले तर कामाची माहिती झाकली जाते.

किमतीचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. ‘किंमत’ या फील्डमधील आकडा जीएसटीसह की जीएसटीशिवाय, लिस्टचा भाव की डिस्काउंट वजा केलेला, हे स्कीमा सांगत नाही. तिथे फक्त ‘संख्या’ असे लिहिलेले आहे. आमच्या धंद्यात लिस्टवर किती टक्के सुटतात यावरच सगळा व्यवहार ठरतो आणि तो टक्का ग्राहकागणिक बदलतो. हे स्पष्ट होईपर्यंत आम्ही एजंटकडून कोड आणि नगसंख्या एवढेच भरून घेतो; भावाचा रकाना काउंटरवरचा माणूस भरतो.