ऑर्केस्ट्रा पिटात बसवायचा की रंगमंचावर?

सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन जुनं गाजलेलं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचांचं नाटक, करायचं ठरलं, की वादकांना बसवायचं कुठे हा प्रश्न येतोच: पिटात, म्हणजे रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत, की रंगमंचावरच? बहुतेक जण तो खर्चावरून सोडवतात. मी म्हणेन, आधी नाच बघा.

वादक रंगमंचावर असले की नेपथ्य आटोपशीर लागतं, कमी तालमींत भागतं आणि ऑर्केस्ट्रा डोळे भरून बघता येतो. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने 2013 मध्ये ‘कॅरूसेल’ हे म्युझिकल असंच केलं होतं. पण पन्नास-साठ वादक मागे बसले की नर्तकांना उरते पुढची चिंचोळी पट्टी. मागच्या कोपऱ्यातून तिरकं धावत येऊन जोडीदाराने झेलायचं, ही चालच जाते. शिवाय कंडक्टर, म्हणजे हातांनी ताल दाखवत ऑर्केस्ट्रा चालवणारा, कलाकारांकडे पाठ करून उभा. गायकांना त्याचा हात समोरच्या पडद्यावर बघावा लागतो, आणि नर्तकाचा पाय जमिनीला कधी टेकला हे त्याला दिसतच नाही.

पिटात कंडक्टर कलाकारांसमोर असतो. उडी जरा लांबली तर ठोका क्षणभर धरून ठेवतो. मात्र पूर्ण ताफा पिटात क्वचितच मावतो, तंतुवाद्यं कमी करावी लागतात. नेपथ्य, प्रकाश, तालमी, सगळाच खर्च चढतो.

‘वेस्ट साइड स्टोरी’सारखं नाचावर उभं असलेलं काम असेल तर मी पिटच घेईन. गाणी मोठी, नाच दोन-तीनच, असं असेल तर रंगमंच.

स्वरलिपी मात्र आधी मागवून बघा. ‘वेस्ट साइड स्टोरी’च्या 1957 च्या मूळ वाद्यरचनेत व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठं तंतुवाद्य) नाहीतच, आणि बहुतेक सुषिरवादक, म्हणजे फुंकवाद्यं वाजवणारे, एकापेक्षा जास्त वाद्यं आलटून-पालटून वाजवतात. सिंफनीतला क्लॅरिनेटवाला सॅक्सोफोन धरेलच असं नाही. मग जादा वादक आणावे लागतात. हक्कांचंही तसंच: कॉन्सर्ट आणि पूर्ण नाट्यप्रयोग यांचे परवाने वेगळे असतात, सभागृह ठरवण्याआधी विचारून घ्या.

आणि एक तालीम फक्त नर्तक व ऑर्केस्ट्रासाठी राखा. कित्येक आठवडे नर्तक पियानोच्या साथीवर नाचलेले असतात. तिथे ठोका ठक्कन कानावर पडतो. ऑर्केस्ट्रात तोच ठोका चेलोंच्या खालच्या सुरात विरतो, आणि पहिल्या आठ मात्रांत सगळे एकमेकांकडे बघू लागतात.